अपस्मार : शस्त्रक्रियेचा विचार अखेरीस नव्हे, वेळीच

अपस्माराला आपल्याकडे फेफरे, मिरगी, आकडी, फीट अशी अनेक नावे आहेत आणि त्याच्याविषयीच्या समजुतीही तितक्याच आहेत. झटका आलेल्या माणसाला कांदा किंवा चप्पल हुंगवण्याची प्रथा शहरांतूनही अद्याप पुरती गेलेली नाही. सुशिक्षित घरांतून अशा समजुती मागे पडल्या असल्या, तरी तेथे दुसरी एक समजूत घट्ट रुजलेली दिसते. अपस्मारावर गोळ्या हाच काय तो उपाय. एका गोळीने गुण आला नाही तर दुसरी, दुसरीने आला नाही तर तिसरी, असे करत राहायचे आणि वाट पाहायची, ही ती समजूत. मेंदूच्या शस्त्रक्रियेचे नाव कोणी काढलेच, तर 'सगळे उपाय थकले की पाहू' असे म्हणून विषय संपवला जातो. काही रुग्णांच्या बाबतीत हे 'पाहू' फार महागात पडते. शाळा-कॉलेजची, नोकरीची, लग्नाची वर्षे झटक्यांच्या भीतीत निघून जातात आणि ज्या शस्त्रक्रियेने ती वाचू शकली असती तिचा विचार पंधरा-वीस वर्षांनी होतो, किंवा कधीच होत नाही.

दोन औषधांनंतर काय?

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात सुमारे पाच कोटी लोकांना अपस्मार आहे. योग्य निदान होऊन योग्य औषध नियमितपणे मिळाले, तर त्यांपैकी जवळजवळ ७० टक्के लोक झटक्यांविना जगू शकतात. तेव्हा अपस्मार म्हणजे शस्त्रक्रिया असे समीकरण कोणीही मांडू नये. बहुसंख्य रुग्णांना तिची गरज नसते. प्रश्न आहे तो उरलेल्यांचा.

हे उरलेले रुग्ण ओळखायचे कसे, याचे उत्तर ग्लासगो येथील एका अभ्यासाने दिले. २००० साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, पूर्वी कोणतेही उपचार न घेतलेल्या ४७० रुग्णांपैकी ४७ टक्के रुग्णांचे झटके पहिल्याच औषधाने थांबल्याचे आढळले. दुसऱ्या किंवा तिसऱ्या औषधाने आणखी १४ टक्के रुग्णांना गुण आला. त्यापुढे मात्र औषधे बदलून वा वाढवून फारसे काही साधले नाही. त्याच शहरातील १७९५ रुग्णांचा तीस वर्षांचा आढावा २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. मधल्या काळात अनेक नवी औषधे बाजारात आली होती. त्यांतील काहींचे दुष्परिणाम जुन्या औषधांपेक्षा सौम्यही होते. तरीही झटके थांबलेल्यांचे एकूण प्रमाण ६४ टक्क्यांच्या आसपासच राहिले.

या अनुभवावरून 'इंटरनॅशनल लीग अगेन्स्ट एपिलेप्सी' या तज्ज्ञांच्या जागतिक संघटनेने २०१० मध्ये एक व्याख्या निश्चित केली. नीट निवडलेली, सोसवणारी दोन औषधे पुरेशा मात्रेत घेऊनही झटके कायमचे थांबत नसतील, तर तो अपस्मार औषधांना दाद न देणारा समजावा, अशी ही व्याख्या आहे. त्यात दहा औषधांची किंवा दहा वर्षांची अट नाही. अर्थात असा शिक्का मारण्यापूर्वी काही गोष्टी पडताळाव्या लागतात. रुग्ण गोळ्या चुकवत तर नाही ना? औषध त्याच्या झटक्यांच्या प्रकाराला अनुरूप आहे ना? मुळात हे झटके अपस्माराचेच आहेत ना? हृदयाच्या ठोक्यांतील दोषामुळे किंवा रक्तदाब एकाएकी घसरल्याने येणारी बेशुद्धी आणि मानसिक ताणातून उद्भवणारे झटके पुष्कळदा अपस्मारासारखेच दिसतात. त्यांवर अपस्माराच्या गोळ्यांचा उपयोग होत नाही.

झटक्याचे उगमस्थान

मेंदूतील अब्जावधी चेतापेशी सूक्ष्म विद्युत् संकेतांच्या साहाय्याने परस्परांशी संवाद साधत असतात. एरवी या संकेतांत एक शिस्त असते. एखाद्या भागातील असंख्य पेशी एकाच वेळी अनियंत्रितपणे उद्दीपित झाल्या, की ही शिस्त मोडते आणि झटका येतो. काही रुग्णांत हा प्रकार मेंदूच्या दोन्ही अर्धगोलांत जवळजवळ एकदमच सुरू होतो. इतर अनेकांत मात्र तो एका ठराविक जागी सुरू होऊन मग पसरतो. ही जागा म्हणजे जन्मतः सदोष बनलेला मेंदूचा एखादा तुकडा, जुन्या जखमेचा वण, छोटी गाठ किंवा रक्तवाहिन्यांचा गुंता असू शकतो. अपस्माराची शस्त्रक्रिया मुख्यत्वे या दुसऱ्या गटासाठी असते. उगमाची जागा नेमकी सापडली आणि ती काढल्याने वाचा, हालचाल, दृष्टी यांसारख्या क्रियांना मोठा धक्का लागणार नसेल, तर रोगाचे मूळच काढून टाकता येते.

प्रौढांमध्ये अशा शस्त्रक्रियांत सर्वाधिक प्रमाण कानशिलामागे असणाऱ्या टेम्पोरल लोबवरील शस्त्रक्रियेचे असते. या लोबच्या आतल्या बाजूस हिप्पोकॅम्पस नावाचा, स्मृतीशी निगडित असलेला भाग आहे. काही रुग्णांत तो आक्रसून कडक झालेला असतो. त्यांच्यापैकी अनेकांना लहानपणी तापात बराच वेळ आकडी आल्याचा इतिहास असतो. पुढे काही वर्षे सारे सुरळीत चालते आणि मग वेगळ्याच स्वरूपाचे झटके सुरू होतात. पोटातून काहीतरी वर चढल्यासारखे वाटते, रुग्णाची नजर शून्यात लागते, तो ओठ चाटतो, मिटक्या मारतो, हाताने कपडे चिवडतो. मिनिटभराने भानावर आल्यावर त्याला यातले काही आठवत नाही. अंग झाडणे, तोंडाला फेस येणे असे काही न दिसल्याने घरच्यांना हा अपस्मार वाटतच नाही. 'मुलगी मध्येच हरवल्यासारखी होते' एवढीच तक्रार असते. औषधांना न जुमानणारा आणि तरीही शस्त्रक्रियेला उत्तम प्रतिसाद देणारा म्हणून नेमका हाच प्रकार ओळखला जातो.

सव्वाशे वर्षांहून जुनी वाट

ही शस्त्रक्रिया म्हणजे एखादा अलीकडचा, प्रायोगिक उपचार नव्हे. २५ मे १८८६ रोजी लंडनमधील नॅशनल हॉस्पिटलात व्हिक्टर हॉर्स्ले यांनी स्कॉटलंडच्या एका बावीस वर्षांच्या तरुणाच्या मेंदूतील जुन्या दुखापतीचा वण काढला. त्या काळी एमआरआय सोडाच, क्ष-किरणांचाही शोध लागलेला नव्हता. झटका शरीराच्या कोणत्या भागात सुरू होतो आणि कसा पसरतो, यावरून मेंदूतील बिघाडाची जागा ताडता येते, हे तेथील ह्यूलिंग्ज जॅक्सन यांनी दाखवून दिले होते. त्या निरीक्षणाच्या आधारेच हॉर्स्ले यांनी कवटी उघडली.

पुढची दोन मोठी पावले विसाव्या शतकात पडली. जर्मनीतील हान्स बर्गर यांनी माणसाच्या मेंदूतील विद्युत् लहरींची पहिली नोंद १९२४ मध्ये घेतली आणि १९२९ मध्ये ती प्रसिद्ध केली. आज सर्वांना परिचित असलेल्या ईईजी तपासणीचा जन्म तो. दुसरे पाऊल कॅनडातील मॉन्ट्रियलचे. तेथे १९३४ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेत वाइल्डर पेनफिल्ड रुग्णाला जागे ठेवून शस्त्रक्रिया करत. मेंदूला स्वतःला वेदना होत नाहीत, त्यामुळे केवळ कवटीवरील त्वचा बधिर करून हे शक्य होते. विजेच्या अतिसौम्य प्रवाहाने मेंदूचा एकेक बिंदू चेतवून ते रुग्णाला काय जाणवते ते विचारत आणि कोणता भाग काढता येईल, कोणत्या भागाला हात लावायचा नाही, हे ठरवत. हात, ओठ, जीभ यांचे मेंदूतील नकाशे पाठ्यपुस्तकांत आले ते याच कामातून.

या वाटेवर एक मोठी ठोकरही बसली. १९५३ मध्ये अमेरिकेतील हार्टफर्ड येथे हेन्री मोलेसन या तरुणाच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसचा बराचसा भाग काढण्यात आला. झटके कमी झाले, पण नव्या घटना लक्षात ठेवण्याची त्याची शक्ती कायमची गेली. २००८ मध्ये मृत्यू येईपर्यंत तो त्या अवस्थेतच जगला. ब्रेंडा मिल्नर यांनी केलेल्या त्याच्या अभ्यासामुळे स्मृतीचे शास्त्र पुढे गेले आणि शल्यचिकित्सकांना एक धडा मिळाला. दोन्ही बाजूंना हात घालायचा नाही, आणि एका बाजूला घालण्यापूर्वी दुसरी बाजू स्मृतीचा भार पेलू शकेल याची खात्री करून घ्यायची.

निवड कशी होते?

म्हणूनच आज प्रत्यक्ष शस्त्रक्रियेपेक्षा तिच्यापूर्वीच्या तपासण्यांवर अधिक वेळ खर्च होतो. पहिली महत्त्वाची तपासणी म्हणजे अपस्मारासाठीच्या विशेष पद्धतीने केलेला एमआरआय. नेहमीच्या पद्धतीने काढलेल्या एमआरआयमध्ये सूक्ष्म दोष निसटू शकतात. 'एमआरआय नॉर्मल आहे' असा अहवाल हाती असला, तरी तो कोणत्या पद्धतीने काढला आणि कोणी वाचला, हे पाहावे लागते.

दुसरी तपासणी व्हिडिओ ईईजीची. यासाठी रुग्णाला काही दिवस रुग्णालयात ठेवून, गरजेनुसार औषधे कमी करून, झटका येण्याची वाट पाहिली जाते. कॅमेऱ्यात टिपलेला झटका आणि त्याच क्षणी डोक्यावरील तारांनी नोंदवलेल्या लहरी यांची सांगड घातली, की झटक्याचा उगम बहुधा उमगतो. घरच्यांनी मोबाइलवर काढलेले झटक्याचे चित्रणही डॉक्टरांना फार उपयोगी पडते. याशिवाय मानसतज्ज्ञ रुग्णाची स्मृती, भाषा आणि आकलन यांची चाचणी घेतात. आवश्यक असेल तर पेट स्कॅन केला जातो. या सर्व तपासण्या एकाच जागेकडे बोट दाखवत असतील, तर निर्णय सोपा होतो. त्या परस्परविरोधी असतील, तर मेंदूच्या आत बारीक इलेक्ट्रोड बसवून शोध घ्यावा लागतो. मेंदूविकारतज्ज्ञ, न्यूरोसर्जन, रेडिओलॉजिस्ट आणि मानसतज्ज्ञ एकत्र बसून निर्णय घेतात. तो 'शस्त्रक्रिया नको' असाही असू शकतो आणि पुष्कळदा असतो.

गुण किती, धोका किती?

या शस्त्रक्रियेची कसोशीने परीक्षा झाली ती २००१ मध्ये, कॅनडातील लंडन या शहरात. टेम्पोरल लोबचा अपस्मार असलेल्या ८० रुग्णांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट करण्यात आले. एका गटाला शस्त्रक्रिया, दुसऱ्याला वर्षभर औषधे. वर्षाअखेरीस शुद्ध हरपणाऱ्या झटक्यांतून मुक्त झालेल्यांचे प्रमाण शस्त्रक्रियेच्या गटात ५८ टक्के होते आणि औषधांच्या गटात ८ टक्के. या काळात एक रुग्ण दगावला, तो औषधांच्या गटातला होता.

मुलांबाबतचा असाच महत्त्वाचा पुरावा आपल्याच देशातून आला. दिल्लीच्या एम्स रुग्णालयाने १८ वर्षांपर्यंतच्या ११६ रुग्णांवर केलेला अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रिया झालेल्या ५७ जणांपैकी ४४ जण, म्हणजे ७७ टक्के, वर्षानंतर झटक्यांपासून मुक्त होते. केवळ औषधांवर असलेल्या ५९ जणांत हा आकडा ४ होता, म्हणजे ७ टक्के. हे ५९ जण शस्त्रक्रियेच्या प्रतीक्षायादीवर होते, ही बाब ध्यानात घेण्याजोगी आहे. रुग्णालयात एरवीही वर्षभराची प्रतीक्षा करावी लागत असल्याने अशी तुलना करणे शक्य झाले. प्रतीक्षा म्हणजे काय, याचे उत्तर या दोन आकड्यांत आहे.

आता दुसरी बाजू. याच अभ्यासात शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी १९ मुलांना गंभीर प्रतिकूल परिणामांना सामोरे जावे लागले. एका बाजूचे हातपाय दुर्बळ होणे हा त्यांतील प्रमुख परिणाम होता. मेंदूच्या ज्या भागावर शस्त्रक्रिया करायची त्यावरून यांतील बरेच परिणाम आधीच अपेक्षित होते आणि पालकांना त्याची कल्पना देणे आवश्यकच असते. प्रौढांच्या टेम्पोरल लोबवरील शस्त्रक्रियेत मृत्यूचा धोका एक टक्क्याहून कमी आहे. पण दृष्टिक्षेत्राचा वरच्या बाजूचा थोडा भाग गमावणे ही बाब त्यात विरळा नाही. भाषेचे केंद्र ज्या बाजूस असते, त्या बाजूला शस्त्रक्रिया झाल्यास नावे आणि शब्द आठवण्यास अडचण येऊ शकते. शिक्षक, वकील अशा व्यवसायांतील रुग्णांनी हा मुद्दा डॉक्टरांशी सविस्तर बोलून घ्यावा.

गुण सर्वांना आणि कायमचा येतोच असेही नाही. लंडनमधील ६१५ प्रौढ रुग्णांच्या पाहणीत शस्त्रक्रियेनंतर पाच वर्षांनी ५२ टक्के आणि दहा वर्षांनी ४७ टक्के रुग्ण, शुद्ध न हरपणाऱ्या सौम्य झटक्यांचा अपवाद वगळता, झटक्यांपासून मुक्त असल्याचे दिसले. औषधेही दुसऱ्या दिवशी बंद होत नाहीत. ती काही काळ चालू ठेवून मग सावकाश कमी केली जातात आणि काहींना कायम घ्यावी लागतात.

हे आकडे वाचताना एका गोष्टीचे विस्मरण होऊ नये. शस्त्रक्रिया न करणे हाही धोक्याचाच पर्याय आहे. भाजणे, पाण्यात पडणे, रस्त्यात कोसळणे हे धोके तर उघड आहेतच. त्याशिवाय अपस्माराच्या रुग्णाला कोणतेही अन्य कारण नसताना एकाएकी मृत्यू येऊ शकतो, विशेषतः झोपेत. प्रौढ रुग्णांत हे प्रमाण दर हजारी वर्षाला सुमारे एक इतके आहे आणि अंग झाडणारे मोठे झटके वारंवार येणाऱ्यांत ते याहून बरेच अधिक आहे. शस्त्रक्रियेचा धोका एकदाच पत्करायचा असतो. झटक्यांचा धोका दरवर्षी नव्याने उभा राहतो.

ज्यांना ही शस्त्रक्रिया करता येत नाही

झटके अनेक जागी सुरू होत असतील, किंवा उगमाची जागा वाचेच्या वा हालचालीच्या केंद्रातच असेल, तर ती काढणे उचित ठरत नाही. अशा रुग्णांसाठी मानेतील व्हेगस मज्जातंतूला ठराविक अंतराने विद्युत् स्पंदने देणारे उपकरण छातीच्या त्वचेखाली बसवता येते. अमेरिकेत त्याला १९९७ मध्ये मान्यता मिळाली. मेंदूच्या खोल भागात इलेक्ट्रोड बसवण्याच्या पद्धतीला तेथे अपस्मारासाठी २०१८ मध्ये मान्यता मिळाली. या उपायांनी झटके कमी होतात, पूर्णपणे थांबणे मात्र विरळा, आणि उपकरणे महाग आहेत. मेंदूचा एक संपूर्ण अर्धगोल रोगग्रस्त असलेल्या लहान मुलांत तो अर्धगोल उर्वरित मेंदूपासून विलग करण्याची मोठी शस्त्रक्रिया केली जाते. ऐकताना ती भयंकर वाटते. पण बालवयात मेंदूची जुळवून घेण्याची क्षमता इतकी असते, की अशी पुष्कळ मुले पुढे चालू-बोलू लागतात. ही क्षमता वयाबरोबर ओसरत जाते. लवकर निर्णय घेण्याचे महत्त्व येथे सर्वाधिक आहे.

आपल्याकडे काय?

भारतात या शस्त्रक्रियेचा पाया वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात घातला गेला. पेनफिल्ड यांच्या हाताखाली शिकून आलेल्या डॉ. जेकब चँडी यांनी तेथे १९४९ मध्ये देशातील पहिला मेंदूशल्यचिकित्सा विभाग सुरू केला आणि १९५२ मध्ये अपस्मारासाठी पहिली शस्त्रक्रिया केली. आधुनिक पर्वाला गती मिळाली ती १९९५ पासून, तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत. डॉ. के. राधाकृष्णन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथे एक व्यावहारिक मार्ग अवलंबिला. महागड्या तपासण्यांची वाट न पाहता एमआरआय आणि व्हिडिओ ईईजी यांच्या आधारे ज्यांचे निदान निःसंदिग्ध आहे, असे रुग्ण आधी निवडायचे. परदेशातील खर्चाच्या अत्यल्प अंशात तेवढाच गुण मिळू शकतो, हे या केंद्राने दाखवून दिले. दिल्लीचे एम्स, बंगळुरूचे निम्हान्स, मुंबईचे केईएम अशा सार्वजनिक संस्थांत आणि मोठ्या शहरांतील काही खासगी रुग्णालयांत आज या शस्त्रक्रिया होतात. परंतु देशातील अपस्माराच्या रुग्णांची संख्या एक कोटीच्या घरात असल्याचा अंदाज आहे. त्या मानाने ही केंद्रे फारच थोडी आहेत.

तरीही केंद्रांची कमतरता हे उशिराचे एकमेव कारण नाही. पाश्चात्त्य देशांत केंद्रे भरपूर असूनही रुग्ण शस्त्रक्रियेपर्यंत पोहोचतो तेव्हा त्याच्या आजाराला सरासरी वीस वर्षांच्या आसपास काळ लोटलेला असतो. भीती हे त्याचे एक कारण. आपल्याकडे त्यात लपवाछपवीची भर पडते. हिंदू विवाह कायद्यात १९७६ च्या दुरुस्तीने वारंवार येणाऱ्या अपस्माराच्या झटक्यांना वेडेपणाच्या पंक्तीला बसवले होते. १९९९ च्या दुरुस्तीने अपस्मार हा शब्द तेथून वगळण्यात आला. कायदा बदलला, तरी घरातल्या मुलीला फीट येते हे कोणाला कळू नये अशी धडपड अजून संपलेली नाही. डोक्यावर व्रण दिसेल, लोक विचारतील, लग्न जमणार नाही, अशा कारणांनी शस्त्रक्रिया टाळली जाते आणि तेच झटके घेऊन मुलगी सासरी जाते.

वास्तविक, तपासणीसाठी विशेष केंद्रात जाणे म्हणजे शस्त्रक्रियेला संमती देणे नव्हे. इंटरनॅशनल लीगने २०२२ मध्ये दिलेल्या शिफारशीनुसार, औषधांना दाद न देणाऱ्या अपस्माराच्या सत्तर वर्षांपर्यंतच्या प्रत्येक रुग्णाला, औषधे निष्प्रभ ठरत असल्याचे स्पष्ट होताच, शस्त्रक्रियेच्या दृष्टीने तपासणीसाठी पाठवण्याचा पर्याय दिला गेला पाहिजे. त्यातून अनेकांना शस्त्रक्रियेचा सल्ला मिळणारही नाही. काहींचे निदानच बदलेल, काहींचे औषध बदलेल. तोही लाभच म्हणायचा.

तेव्हा दोन औषधे योग्य मात्रेत, न चुकता घेऊनही झटके येतच असतील, तर रुग्णाने किंवा पालकांनी पुढच्या भेटीत आपल्या डॉक्टरांना चार प्रश्न अवश्य विचारावेत. हे झटके मेंदूच्या एकाच भागातून सुरू होतात का? अपस्मारासाठीच्या विशेष पद्धतीने एमआरआय झाला आहे का? व्हिडिओ ईईजी करता येईल का? आणि अपस्मार शस्त्रक्रियेच्या केंद्राकडे आम्हाला पाठवाल का? झटक्यांची तारीख-वार नोंद असलेली वही आणि जुने अहवाल सोबत न्यावेत. औषधे मात्र स्वतःच्या मनाने एक दिवसही बंद करू नयेत.